खोडण्याचा आवाज

"आवाज नसलेला दाखवा," तो म्हणाला, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. दुकानात शिरून अजून दोन मिनिटंही झाली नव्हती. काउंटरमागच्या बाईंनी कपाळावरचा चष्मा अजून डोळ्यांवरही आणला नव्हता. एकोणीस वर्षांच्या संसारात या माणसाने कुठल्याही दुकानात आपल्याला काय हवंय ते पहिल्या वाक्यात सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. बूट घ्यायला गेलं की 'बघू', पडदे घ्यायला गेलं की 'तुला आवडतील ते', आणि डॉक्टरकडे गेलं की त्याचं कुठे दुखतंय तेसुद्धा तिनेच सांगायचं. तोच माणूस आज छातीठोकपणे म्हणत होता की कीबोर्ड हवा, आणि तो आवाज न करणारा हवा. तिच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर चुकचुकण्यासारखं काही नव्हतं, पण पालीला कोण सांगणार.

घरातला जुना कीबोर्ड कॉम्प्युटरबरोबर फुकट आला होता आणि फुकटच्या वस्तूसारखाच वागत होता. खालचं रबर थकलं होतं. 'र' दोनदा दाबल्याशिवाय उमटत नव्हता आणि कधी उमटला तर थांबत नव्हता. इतकी वर्षं चालून गेलं, कारण ती टाइप करायची ते ऑफिसात. लोकांचं बोलणं कागदावर उतरवणं हे तिचं काम. चौकशी समित्यांच्या बैठका, डॉक्टरांनी घाईघाईत बोलून ठेवलेल्या नोंदी, कुणाकुणाच्या मुलाखती. कानांत हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की दोन सेकंद मागे. आता ऑफिसने आठवड्याचे दोन दिवस घरून काम करायला सांगितलं होतं. घरात टेबल एक, कॉम्प्युटर एक. सकाळी तिचं टाइपिंग, संध्याकाळी त्याचा खेळ. तो चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता, साडेपाचला घरी यायचा, सहा ते साडेसात खेळायचा, आणि जेवायला बसायचा तेव्हा चेहऱ्यावर असा भाव असायचा की जणू कुठूनच आलेला नाही. तेव्हा दोघांत मिळून एक चांगला, मेकॅनिकल म्हणतात तसा कीबोर्ड घ्यायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानेच एका जेवणात म्हटलं, आणि तो काही म्हणतोय याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की ती लगेच हो म्हणाली.

दुकानातल्या बाई साठीच्या पुढच्या. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायच्या, आणि आता हे. त्यांनी एक लाकडी पट्टी काउंटरवर ठेवली. तिच्यावर नऊ सुटी बटणं बसवली होती, पायाला तारा नसलेली, नुसती दाबून बघायला. प्रत्येकाच्या पोटात वेगळी स्प्रिंग, वेगळा रंग. बाईंचं भाषण तोंडपाठ होतं पण त्यांना अजून त्याचा कंटाळा आला नव्हता. लाल सरळ खाली जातं, अडखळत नाही, खेळणारे ते घेतात. निळं वाटेत एकदा टिचकी मारतं, बोटाला आणि कानाला कळतं की अक्षर लागलं, लिहिणाऱ्यांना ते आवडतं. तपकिरी दोन्हींच्या मधलं. "खेळणाऱ्याला लाल, लिहिणाऱ्याला निळं आणि नवराबायकोला तपकिरी," बाई म्हणाल्या. "कुणाचंच समाधान होत नाही, पण भांडणही होत नाही." तो हसला. ती हसली नाही. तो पट्टीच्या टोकाशी असलेलं, लालमधलंच पण आत मऊ गादी असलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता आणि त्यातून खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. त्याचं बोट खाली जात होतं, वर येत होतं, आणि जगात काही घडल्याची कुठे नोंद होत नव्हती. तिने निळं दाबलं. टक्. बोटं मोडल्यावर होतो तसा नेमका, कोरडा आवाज. पुन्हा दाबलं. इतकी वर्षं लाखो अक्षरं दाबली, पण एकाही अक्षराने तिला उलट उत्तर दिलं नव्हतं. हे देत होतं.

बाईंनी त्याला विचारलं की त्या मऊ बटणाबद्दल त्याला ठाऊक कसं, कारण सहसा पहिला कीबोर्ड घेणारे आवाजाचाच मागतात. तो म्हणाला, "आमच्यात एक मैत्रीण आहे, खेळातली. तिने सांगितलं." इतकं साधं म्हणाला. एक मैत्रीण आहे. जणू डब्यात लोणचं आहे. तिने निळ्या बटणावरचं बोट उचललं नाही. तिला त्या मैत्रिणीचं नाव माहीत होतं, म्हणजे खेळातलं नाव. मुंगी. त्याचं नाव अस्वल. चौघांची टोळी होती त्यांची. कुठल्या कुठल्या गावचे चौघं रोज संध्याकाळी एका पडक्या किल्ल्यात भेटायचे आणि कुणाला तरी वाचवायचे. मुंगी बाकीच्यांच्या जखमा बांधायची. हे त्याने कधीतरी सांगितलं होतं आणि तिने ते, ऑफिसातलं ऐकते तसं, अर्थ न लावता ऐकून ठेवलं होतं. मग एकदा चहा द्यायला गेली तेव्हा त्याच्या कानावरून सरकलेल्या हेडफोनमधून एक हसू बाहेर सांडत होतं. बाईचं, घशातलं, जरा घोगरं हसू. आणि तोही हसत होता. त्याचं ते हसणं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. चहा ठेवून ती परत आली आणि तिने बटाटे इतके बारीक चिरले की त्यांची भाजी न होता लगदा झाला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगीच नाही. फक्त ही कानामागूनही आली नव्हती, थेट कानातच येऊन बसली होती. आणि आता हिनेच सांगितलं होतं की आवाज नसलेला घे.

पुढची दहा मिनिटं ती ज्या हट्टाने भांडली तो तिचा तिलाच नवा होता. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे. तिने कारणं दिली. टाइप मी करणार, दिवसाला चाळीस पानं, मला बोटाला कळायला हवं, चुका कमी होतात, हात दुखत नाहीत. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. तिला ऐकायचं होतं. आवाज न करणाऱ्या बटणांवर हा माणूस त्या बाईशी काय करतो ते तिला कधीच कळणार नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच त्याला ती बटणं हवी होती, याबद्दल एव्हाना तिच्या मनात संशय उरला नव्हता. तो एकदाच म्हणाला, "तुला त्रास होईल." ती म्हणाली, "मला कसला त्रास?" मग नेहमीसारखा तो 'तुला आवडेल ते' वर आला. बाईंनी निळ्या बटणांचा कीबोर्ड खोक्यात भरला आणि दोघं निघताना त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिला वाटलं, या बाईला तपकिरीच द्यायचा होता.

पहिले चार दिवस कीबोर्डने तिला वेड लावलं. घरून कामाच्या दोन दिवशी, सकाळी तो कामावर गेला की ती बसायची आणि घरभर टकटक सुरू व्हायची. शेजारच्या काकू विचारून गेल्या की सुतार लावलाय का. एका समितीच्या बैठकीत गोदामाला आग कशी लागली यावर सात माणसं सहा तास बोलली होती. ती तिने दोन दिवसांत उतरवली. संध्याकाळी कीबोर्ड त्याचा व्हायचा आणि ती स्वयंपाकघरात कान होऊन उभी राहायची. तिचे कान साधे नव्हते. बोलणाऱ्याने खिशात हात घातला की त्याचा आवाज बदलतो, हे तिला कळायचं. दोन-तीन दिवसांत तिला खेळ पाठ झाला, न बघता. चालताना तो एकच बटण दाबून धरतो, म्हणून एक टक् आणि मग शांतता. पळताना करंगळीखालचं दुसरं. लपला की काहीच नाही. मग एकदम सात-आठ बटणांची गर्दी, कुणीतरी अंगावर आलंय. सात वाजून दहा मिनिटांनी खेळ संपायचा. त्याच्यापुढची वीस मिनिटं वेगळी होती. ती ऐकल्यावर तिच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या वीस मिनिटांत तो लिहायचा.

लिहिण्याचा आवाज तिने कुठेही ओळखला असता. दोनच बोटांनी लिहायचा, जड जड, एकेक अक्षर शोधत. चार टक्, मग लांब बटणाचा तो रुंद, पोकळ आवाज, म्हणजे शब्द संपला. पुन्हा पाच. पुन्हा रुंद. आठ-दहा शब्द जायचे आणि मग थांबायचं. मग हात उचलून कोपऱ्यापर्यंत न्यायचा वेळ, आणि तिथलं ते बटण: टक् टक् टक् टक् टक्, एका लयीत, वीस वेळा, तीस वेळा. तो खोडत होता. लिहिलेलं सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून लिहीत होता. पुन्हा खोडत होता. हे रोज.

बघायला गेली असती तर दिसलं असतं. बारा पावलांवर तो पाठमोरा बसलेला होता. पण मग ती बघायला गेली असं झालं असतं, आणि ते तिला मान्य नव्हतं. ऐकणं वेगळं. ऐकायला आपण जात नाही, ते येतं. ती गॅस बारीक करून उभी राहिली आणि तिला हेवा वाटला. त्या घोगऱ्या हसण्याचा नाही, त्या किल्ल्याचा नाही, तिला हेवा वाटला त्या कोपऱ्यातल्या बटणाचा. माणूस खोडतो कधी? हे नको, यापेक्षा बरं काहीतरी, असं वाटतं तेव्हा. तिच्यासाठी त्याने कधी काही खोडलं नव्हतं. तिच्या फोनमध्ये त्याचे एकोणीस वर्षांचे निरोप होते: हो. आलो. दूध? उशीर. हो. चावी. हो. यातला एकही शब्द दोनदा विचार करून लिहिलेला नव्हता, आणि तिने कधी तशी अपेक्षाही केली नव्हती, कारण तिला वाटायचं हा माणूसच असा. मिठाची गुळणी धरूनच जन्माला आलेला. आईही म्हणायची, जावई गुणी आहे, बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, तो तिच्या शेजारी उभा होता. भिंतीला हिरवा रंग होता आणि कुणीतरी त्यावर नखाने फूल कोरलं होतं. ती वाट बघत होती. कशाची ते तेव्हा कळलं नव्हतं. तो म्हणाला, "चालायचंच. वय झालं होतं." आणि गाडी आणायला गेला. त्यावर तिने त्याला कधी बोल लावला नाही. नाही येत एखाद्याला. एखाद्याला पोहता येत नाही तसं. तीन वर्षं ती हेच धरून राहिली होती. आणि आता कळत होतं की येतं. वीस वीस मिनिटं येतं, खोडून खोडून येतं, फक्त ते तिच्यासाठी येत नाही.

पाचव्या संध्याकाळी तिने फोन दाराच्या आड, कपड्यांच्या टोपलीवर उपडा ठेवला आणि त्याचं लिहिणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते हेडफोनवर लावलं, वेग निम्मा केला आणि पाय पेडलवर ठेवला. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण पाय थांबला नाही. सवयीच्या पायाला लाज कुठून असणार. अर्ध्या वेगात त्याची दोन बोटं दिवसभर काचा घासून थकलेली आहेत हेसुद्धा ऐकू येत होतं. तिने कागदावर रेघा मारल्या. चार, तीन, सहा. पाच, दोन. खोडलं, अकरा. तीन, चार, चार. खोडलं सगळं. शब्दांची लांबी कळत होती, शब्द कळत नव्हता. आपल्या धंद्यात अशा जागेला एकच उपाय असतो: कंस करायचा आणि आत लिहायचं, अस्पष्ट. त्यांच्या खात्याच्या मुख्य बाई त्या बाबतीत इतक्या कडक होत्या की सगळ्या जणी त्यांना पाठीमागे 'रिकामी जागा' म्हणायच्या. अंदाज करू नका, त्या म्हणायच्या. माणूस काय म्हणाला असेल ते तुम्ही ठरवायला लागलात की तो माणूस संपला, मग तुम्हीच बोलताय. हे वाक्य तिने स्वतः नव्या मुलींना डोळे वटारून शंभरदा ऐकवलं होतं. आता तिच्यासमोरच्या कागदावर बारा ओळी होत्या आणि बाराही ओळींत नुसते कंस. शेवटची ओळ तेवढी न खोडलेली. तीन शब्द, आणि मग एंटरचा तो घट्ट, समाधानी आवाज. तेवढंच पाठवलं होतं. तीन शब्द. तिने पेडल टाचेने दाबलं, मागे गेली, पुन्हा ऐकलं. पुन्हा. आणि मग नोकरीच्या अठरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. कंस खोडून तिथे तिच्या सुबक अक्षरात लिहिलं: तुझी आठवण येते. बटणांचा हिशेब बसतो की नाही ते तिने मोजलंही नाही. लिहिल्याबरोबर ते खरं झालं. ते त्याच्या आवाजात ऐकू यायला लागलं. डबा तसाच बंद ठेवून ती स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून तिथे उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती सात वाजून वीस मिनिटांनी त्याच्या खोलीच्या दारात गेली. रोजचं लिहिणं चालू होतं. मनात तिने पाच प्रकारे बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघाला तो सहावाच प्रकार.

"काल तू तिला लिहिलंस, तुझी आठवण येते."

तो वळला. कपाळावर आठी पडली, पण ती चोरी पकडली गेलेल्याची नव्हती. मुळात वाक्य समजलंच नव्हतं त्याला. त्याने विचारलं, कुणाला, आणि मग काल काय लिहिलं ते आठवून बघितलं. इतक्या प्रामाणिकपणे आठवत होता की तिचा राग आणखी वाढला.

"उद्या नक्की लिहितो," तो म्हणाला. "एवढंच लिहिलं होतं काल. परवाही तेच. रोज तेच लिहितोय."

मग त्याने खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे तिला दिसावं म्हणून. खेळ बंद होता. कोपऱ्यात एक लहान चौकट उघडी होती, वर मुंगीचं नाव, नावापुढे हिरवा ठिपका. खाली मुंगीचे तीन-चार निरोप. पहिला नऊ दिवसांपूर्वीचा. माझे वडील गेले, काही दिवस येणार नाही, किल्ला सांभाळा. मग बाकीच्या दोघांनी लिहिलेलं दोन दोन ओळींचं सांत्वन. मग अस्वलाचं, उद्या नक्की लिहितो. उद्या नक्की लिहितो. उद्या नक्की लिहितो. आणि लिहायच्या पट्टीत, अजून न पाठवलेलं, आत्ताचं: 'वडील म्हणजे', आणि पुढे चमकणारी उभी रेघ.

तो सांगत होता. मुंगी वयाने मोठी असावी, आवाजावरून तसं वाटतं. वडिलांना ती एकटीच बघत होती, अंथरुणालाच होते, त्यांची वेळ झाली की खेळ अर्धवट सोडून उठायची. त्यांना टकटक सहन व्हायची नाही म्हणून तिने मऊ बटणांचा घेतला होता. तेच ऐकून त्याला वाटलं होतं की आपणही तसाच घ्यावा. "तुझं दिवसभर कानाचंच काम," तो म्हणाला. "घरी तरी कानांना विसावा, असं वाटलं." हे त्याने दुकानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि मागे पडला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बाहेरख्याली नव्हता नवरा. संशयाचं भूत होतं, उतरायला हवं होतं. उलट ते मानगुटीवर आणखी घट्ट बसलं. प्रेम असतं तर बरं झालं असतं. प्रेमात माणूस आंधळा होतो, त्याला काही सुचत नाही, त्याला आपण शिव्या घालू शकतो. पण हा डोळे उघडे ठेवून, सलग नऊ दिवस, कुणा परक्या बाईच्या वडिलांसाठी शब्द शोधत बसला होता. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या वाट्याला जिन्यातली दोन वाक्यं आली होती, आणि त्यातलं एक त्यांच्या वयाबद्दल होतं.

"तू दिवसभर एवढ्या लोकांचं ऐकतेस," तो म्हणाला. "तुला माहीत असेल. काय लिहितात अशा वेळी?"

त्याने ते इतक्या सरळपणे विचारलं की तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने त्याला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसली. खुर्ची त्याच्या अंगाने गरम होती. 'वडील म्हणजे' तिने खोडलं. मग तिची दहाही बोटं बटणांवर आली आणि खोलीत टकटकीचा लोंढा सुटला. ती न थांबता लिहीत होती, कानांत कुणी सांगतंय आणि ती उतरवून घेतेय तशी. 'लोक म्हणतील, वय झालं होतं. म्हणू दे. वय झालेलं माणूस गेलं तर कमी जातं असं नसतं. सगळे विचारतील, जेवलीस का, झोपलीस का. त्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. वडिलांच्या चपला दारातून कुणी हलवायच्या ते ठरणार नाही, राहू देत. रविवारी अकरा वाजता फोन हातात घेऊन बसावंसं वाटेल. फोन येणार नाही हे तुला माहीत असेल, तरी बस. तो वेडेपणा नव्हे, ती तुमची दोघांची वेळ आहे. त्या वेळेला कुणी शेजारी येऊन नुसतं बसलं तर त्याला बसू दे. कुणीच आलं नाही, तर मी बसलोय असं समज. बोलता येत नाही मला, पण बसलोय.' तिने एकदाही मागे जाऊन काही खोडलं नाही.

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ लागला. "हेच," तो म्हणाला. "अगं, अगदी हेच. मला हेच म्हणायचं होतं." आणि तिच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने एंटर दाबलं.

पत्र गेलं. अस्वलाच्या नावाखाली, एका चौकोनात, व्यवस्थित जाऊन बसलं. ती उठली आणि खुर्ची त्याला दिली. जे ऐकायला ती तीन वर्षं थांबली होती ते आता दुसऱ्या कुठल्यातरी गावात, दुसऱ्या कुठल्यातरी बाईच्या पडद्यावर उमटलं होतं, आणि त्या बाईला वाटणार होतं की आपल्यासाठी आहे. खरंच तिच्यासाठीच होतं. तिला मुंगीचा इतका हेवा वाटला की ती दाराच्या चौकटीला टेकली. एवढा हेवा तिला त्या हसण्याचाही वाटला नव्हता.

उत्तर लगेच आलं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मुलाचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवावं तशा आवाजात. नऊ दिवसांत आत्ता पहिल्यांदा रडले, मुंगीने लिहिलं होतं. तुला कसं कळलं हे सगळं? तुझ्याही घरातलं कुणी असं गेलंय का?

तो बटणांवर वाकला. दोन बोटांनी, पण या वेळी भरभर, त्याने लिहिलं, 'नाही. माझे आईवडील दोघंही आहेत.' आणि पाठवून दिलं.

प्रश्न विचारला होता आणि उत्तर दिलं गेलं होतं, अगदी स्पष्ट, कंस करायची गरज नव्हती. ती वळून स्वयंपाकघराकडे निघाली. मागे बटणांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही, म्हणून ती दाराच्या चौकटीला हात टेकून थांबली आणि मागे वळली. तो चौकट वर सरकवत होता. तिने लिहिलेलं पुन्हा वाचत होता, ओठ हलवत, पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखा. एका ओळीवर त्याचे ओठ थांबले. कुठल्या ते तिला दिसलं. मुंगीच्या वडिलांचा फोन कशाला येईल, ते तर शेजारच्या खोलीत अंथरुणावर होते. रविवारी अकराला वडिलांचा फोन यायचा तो याच घरात, आणि तो यायचा बंद झाल्यावरही कुणीतरी खिडकीशी स्टुलावर फोन घेऊन बसायचं.

त्याने खुर्ची फिरवली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. असा तो तिने कधी पाहिला नव्हता; ऐकला होता, रोज वीस मिनिटं, पाठमोरा.

"मी रविवारी अकराला मुद्दाम बाहेर जायचो," तो म्हणाला. "भाजीचं वगैरे नुसतं निमित्त असायचं. तुला तसं बसलेलं बघवायचं नाही. काय बोलावं ते... खाली पारावर बसून राहायचो. बारा वाजले की यायचो."

तिने चौकटीवरचा हात काढला नाही. म्हणजे बसला होता. फक्त चुकीच्या जागी बसला होता, तीन वर्षं, एका मजल्याच्या अंतरावर. यावर रागवायचं की काय करायचं ते तिला कळेना. त्याच्यामागे पडद्यावर मुंगीचं आणखी काहीतरी येऊन पडलं, आणि पाठोपाठ आणखी एक. तो तिकडे वळला नाही. आणि एवढं सगळं होऊनही, तो वळला नाही याचा तिला आनंद झाला.